टाचणी लावलेली पानं

"ज्यात आई मरत नाही असं एखादं जुनं पुस्तक आहे का हो?"

तालुक्याच्या वाचनालयात मी असं विचारलं तेव्हा तिथल्या वयस्कर ग्रंथपालांनी चष्मा कपाळावर चढवला आणि आधी माझ्याकडं नीट बघून घेतलं. मग ते कपाटांकडं वळले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवून झाल्यावर म्हणाले, "ताई, मग तुम्ही स्वयंपाकाचं पुस्तक न्या."

मला राग आला. तसा तो मला लवकरच येतो. पण ते चुकीचं बोलले नव्हते. त्याआधीच्या दोन-अडीच महिन्यांत मी मुलांसाठी म्हणून दहा-बारा नावाजलेली जुनी पुस्तकं चाळली होती, आणि जुन्या लेखकांनी आया मारायचा मक्ताच घेतला होता असं माझं ठाम मत झालं होतं. एका पुस्तकात आई पहिल्या पानाच्या आधीच गेलेली. एकात बाळंतपणात जायची, एकात पुरात. परदेशी गोष्टींच्या अनुवादांत तर मुलं जन्मालाच पोरकी यायची आणि सरळ जहाजावर चढायची. आई धडधाकट असली तर मूल घराबाहेर पडणार कसं, आणि ते बाहेर पडलं नाही तर कादंबरी व्हायची कशी, एवढं मला आता कळतं. तेव्हा नुसता संताप यायचा. कारण माझ्या घरात एक आई गेलेली मुलगी होती.

आमची वस्ती जळकोटपासून दोन-अडीच किलोमीटर आत, शेतात आहे. हायवेवरच्या ट्रकांचा आवाज येतो, ट्रक दिसत नाहीत. घरात मी, नवरा, आप्पा म्हणजे माझे सासरे आणि माझी दोन मुलं. मुलगा तेव्हा दहा वर्षांचा, मुलगी सहाची. मार्चमध्ये माझे थोरले दीर पुण्याहून त्यांच्या लेकीला घेऊन आले. ती तेरा वर्षांची. त्या दिवसापासून माझा थोरला मधला झाला, आणि ती थोरली. मधल्यानं हे पद सुखासुखी सोडलं नाही. आठवडाभर तो तिला "पावणी" म्हणत होता.

तिची आई, माझी जाऊ, फेब्रुवारीत तीन दिवसांच्या तापानं गेली होती. दीर कंपनीत पाळीवर जायचे, घरात दुसरं कोणी नाही. महिनाभर ठेवून घ्या म्हणाले. थोरली एक बॅग आणि एक उशी घेऊन आली होती. रडत नव्हती. हट्ट करत नव्हती. जेवायला बोलावलं की जेवायची, दिलेलं काम करायची, विचारलं तेवढंच उत्तर द्यायची, आणि तेही पुण्याच्या इतक्या स्वच्छ भाषेत, की माझी धाकटी तोंड उघडं टाकून ऐकत राहायची. मला ती कशानंच हाक मारायची नाही. काही सांगायचं असलं तर चुलीपाशी येऊन उभी राहायची, माझं लक्ष जाईपर्यंत. कधीकधी मी पोळी लाटताना वळायची आणि ती तिथंच उभी. किती वेळची उभी होती देव जाणे.

एकच गोष्ट मला मिळाली, ती उवांमुळं. आली तेव्हा ती स्वतःच केसांना रबरबँड लावून मोकळी व्हायची. मग धाकटीच्या डोक्यातल्या उवा तिच्या डोक्यात गेल्या, आणि मी फणी घेऊन बसले. उवा महिन्यात गेल्या, वेणी घालणं मात्र चालू राहिलं. रोज सकाळी ती माझ्यापुढं पाठ करून बसायची. वेणी अर्ध्यावर आली की तिची पाठ जरा सैल पडायची, माझ्या गुडघ्यांना टेकायची. मी मुद्दाम हळू घालायची.

महिन्याचे तीन महिने झाले, तेव्हा जूनमध्ये गावातल्या शाळेत तिचं नाव घातलं. शाळा चांगली होती, बाई मायाळू होत्या, पण थोरली रोज सकाळी शाळेच्या फाटकाशी उलटी करायची. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही. सलग नऊ दिवस मी तिचं तोंड पुसून तिला माघारी आणलं. दहाव्या दिवशी आप्पा म्हणाले, "सूनबाई, तुमी शिकलेल्या हाव. घरीच शिकवा की."

शिकलेली म्हणजे मी डी.एड. झालेली. आमच्या जिल्ह्यात डी.एड. झालेल्या आणि नोकरी न लागलेल्या सुना घरोघर आहेत, त्यांतली मी एक. दहावीची परीक्षा बाहेरून देता येते ही चौकशी मी करून आले आणि ओसरीवर फळा टांगला. तो फळा बघून माझ्या दोघांनी दुसऱ्याच दिवशी बंड केलं. ती घरी, तर आम्ही का शाळेत? नवऱ्यानं हात टेकले. एक वर्ष बघू म्हणाला. अशी माझी तीन विद्यार्थ्यांची शाळा भरली, सहा, दहा आणि तेरा वर्षांची.

गणित, विज्ञानाचं जमून गेलं. अडचण आली ती वाचनाची. मला मुलांना चांगलं, जुनं, टिकलेलं साहित्य वाचायला लावायचं होतं. मी एका कप्प्यात सहा वर्षांची, दुसऱ्यात दहाची आणि तिसऱ्यात तेराची अशी पुस्तकं लावली. फार शहाणपणा केल्यासारखं वाटलं. दोन दिवसांत धाकटीनं तेराव्या वर्षाच्या कप्प्यातलं जाडजूड पुस्तक पळवलं, कारण त्यावर घोडा होता. मधला धाकटीच्या परीकथा गुपचूप वाचायचा आणि विचारलं की म्हणायचा, तपासायलोय. थोरली मात्र तिच्या कप्प्यातलं पुस्तक उघडून बसायची आणि तासभर पान उलटायची नाही. मी चिडायची, ओरडायची, मग स्वतःवर चिडायची.

श्रावणात यातून वाट निघाली. आमच्या वाटेच्या तोंडाशी महादेवाचं देऊळ आहे. श्रावणात तिथं पोथी लागते. एक जण पोथी वाचतो आणि दुसरा अर्थ सांगतो. अर्थ सांगणारे आमचे आप्पा, गेली कैक वर्षं. त्यांना अक्षरं फारशी वाचता येत नाहीत, पण ओवी कानावर पडली की तिचा अर्थ आमच्या बोलीत असा उलगडतात की माणसं पुढं सरकून बसतात. शिवाय मनचं घालतात. पोथीतला राजा रथातून उतरला की आप्पा म्हणणार, "म्हंजे आपल्या जळकोटच्या फाट्यावर उतरल्यागत." राणीच्या ताटात काय होतं हे पोथीत नसलं तरी आप्पांना ठाऊक असतं, आणि त्यात ज्वारीची भाकरी असतेच. कोणी हटकलं तर म्हणतात, "अर्थ सांगणाऱ्याला एवढी मुभा असती." आणि ऐकणाऱ्यांनी मध्ये मध्ये "हं" म्हणायचं असतं. हं आला नाही तर आप्पा थांबतात.

मुलं रोज आप्पांबरोबर जायची. पोथीची समाप्ती झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी धाकटी म्हणाली, "आई, आपल्या पुस्तकाची पोथी लावू की."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. देवळात सात वर्षांपासून सत्तर वर्षांपर्यंतची माणसं एकच पोथी ऐकतात आणि ज्याला जेवढं हवं तेवढं नेतात. मी कशाला कप्पे करत बसले होते?

दुपारी जेवणं झाली की ओसरीवर बसायचं ठरलं. पुस्तक आप्पांच्या जुन्या उपरण्यात गुंडाळायचं, पोथीसारखं. आम्ही त्याला पोथीच म्हणू लागलो. थोरलीनं वाचायचं, कारण तिचं वाचन स्वच्छ. मधल्यानं अर्थ सांगायचा, कारण तो बडबड्या. धाकटीनं हं म्हणायचा. तिला हे सगळ्यांत मोठं काम वाटायचं, आणि खरं म्हणजे होतंही. तिचा हं आल्याशिवाय पुढं जायचं नाही असा नियमच झाला. ती कधी पेरू खात असली तर दोघं तिचा घास गिळून होईपर्यंत थांबायची.

अशी आम्ही जड जड पुस्तकं ओढत नेली. जुन्या लेखकांची सूर्यास्ताची वर्णनं दोन-दोन पानं चालायची. थोरली न थकता वाचायची, मधला एका वाक्यात अर्थ सांगायचा, "म्हंजे अंधार पडला," आणि धाकटी म्हणायची, "हं." वाईट काही नव्हतं त्यात. पल्लेदार वाक्यांची मुलांना भीती राहिली नाही. धाकटी कोंबड्यांना पुस्तकी भाषेत दटावायला लागली.

मधला अर्थ सांगून दमला की मी थोरलीला म्हणायची, आज तू सांग. ती मान हलवायची. नाही. दुसऱ्यांचे लिहिलेले शब्द ती हवे तेवढे वाचायची, स्वतःचा एकही काढायची नाही. आईबद्दल तर अवाक्षर नाही.

दीर दर रविवारी व्हिडिओ कॉल करायचे. ती "हो, बरं, जेवले" एवढंच बोलायची आणि फोन माझ्या हातात द्यायची. गणपतीनंतरच्या एका रविवारी ते मला म्हणाले, "तिकडंही बोलत नाही ना ती? मी हॉस्टेलचं बघितलंय. दिवाळीला येतो, घेऊन जातो. बरोबरीच्या मुलींत राहील, बोलायला लागेल." मला नाही म्हणायचं होतं. पण कोणत्या तोंडानं म्हणणार? लेक त्यांची. माझ्याशी तरी ती कुठं बोलत होती? माझ्याजवळ पुरावा म्हणून एक वेणी होती, आणि ती काही फोनवर दाखवता येत नव्हती.

त्या आठवड्यात मी वाचनालयात गेले आणि स्वयंपाकाच्या पुस्तकाचा सल्ला ऐकला. रागानं परत निघणार तेवढ्यात खालच्या कप्प्यात एक ओळखीचा कणा दिसला. कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्याच्या घरात घडणारी जुनी कादंबरी. डी.एड.ला असताना मी ती वाचली होती, आणि तिच्यातला निळ्या पाण्याचा हौद, दोरीवर वाळणारी लुगडी आणि हौदाशी गाणारी आई मला लख्ख आठवत होती. "यात आई आहे!" मी ग्रंथपालांना जवळजवळ ओरडूनच सांगितलं. त्यांनी वहीत नोंद करून पुस्तक दिलं.

मुलांना ते पुस्तक लई आवडलं. आई हौदात कापड बुडवायची, हात कोपरापर्यंत निळे, आणि त्याच हातानं लेकीला घास भरवायची. धाकटीनं शाईत हात घालून बघितला. थोरली वाचताना कधी नव्हे ती थोडी हसली. मी खूश. सातवं प्रकरण झालं आणि दुसऱ्या दिवशीचं पान आधी बघून ठेवावं म्हणून मी आठवं उघडलं, तर त्यात आईला ताप आला होता.

मी उभ्या उभ्या ते प्रकरण वाचलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. अठरा पानं. हे मी वाचलं होतं आणि विसरले होते. कशी विसरले? मी वाचलं तेव्हा माझी आई घरात भाजी निवडत बसलेली असायची. आई घरात असली की पुस्तकातली आई मेलेली लक्षात राहत नसावी. मला स्वतःची लाज वाटली.

मग मी एक उद्योग केला. टाचणी घेतली आणि ती अठरा पानं एकत्र टोचून बंद केली. मला त्याला आधार होता आप्पांचा. पोथीतही एक शोकाचा अध्याय असा आहे, की तो घरात वाचत नाहीत. आप्पा सांगतात, "दुःखाचा अध्याय घरात वाचू न्हाई. देवाच्या म्होरं, देवळात वाचावा." मी मुलांना तेच सांगितलं. हा अध्याय घरात वाचायचा नसतो. थोरलीनं टाचणीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि पुढचं पान काढून वाचायला लागली.

नवव्या प्रकरणात आई नव्हती. मधला अर्थ सांगणारा, त्याला जबाबदारीची जाणीव. त्यानं विचारलं, "आई, ह्याच्यातली आई कुठं गेली?"

"माहेरी," मी म्हणाले.

एक खोटं बोलून मी सुटले असं वाटलं होतं. पण पोथी रोज होती. दहाव्या प्रकरणात मुलगी एकटीच हौद ढवळायला लागली आणि मधल्यानं अर्थ सांगितला, "आई अजून माहेरीच हाय." धाकटीनं हं म्हटलं, पण नाराजीनं. अकराव्यात मुलीला कोणी जेवायला हाक मारली नाही. "आई आली न्हाई अजून." बाराव्यात दिवाळी आली तरी आई नाही, तेव्हा धाकटी भडकली. "लईच दिवस राहिली की ही माहेरी! पोरीची काळजी न्हाई व्हय हिला?"

थोरलीच्या हातात पुस्तक होतं. ती वाचायची थांबली. पुस्तक मिटलं, उपरण्यात नीट गुंडाळलं, फडताळात ठेवलं आणि मागच्या दारानं शेतात निघून गेली. मी हाक मारली नाही. काय म्हणून मारणार होते? दुसऱ्या दिवशी वेणी घालताना तिची पाठ सरळ ताठ होती, शेवटच्या पेडापर्यंत. जे काही महिन्यांत थोडंथोडं जमलं होतं ते मीच एका टाचणीनं घालवलं, आणि दिवाळीला तीन आठवडे राहिले होते.

त्यानंतर दोन दिवस पोथी झाली नाही. सोयाबीनची काढणी चालू होती, मला निमित्त मिळालं. तिसऱ्या दिवशी मी दुपारी बायकांना भाकरी देऊन शेतातून परत आले, तर घर गप्प. तीन मुलांचं घर दुपारी गप्प असलं की काहीतरी बिघडलेलं असतं. ओसरीवर कोणी नाही, गोठ्यात नाही. आप्पांची बाजही रिकामी. फडताळ उघडलं, तर उपरण्यासकट पुस्तक नव्हतं. आणि खालच्या फळीवर एक टाचणी होती, वाकडी झालेली.

मी तशीच निघाले. ऊन रणरणत होतं, पायात काटे मोडत होते. देवळाबाहेर चार जोड चपला होत्या. मी माझ्या काढल्या आणि बाहेरच्या पायरीवरच थांबले, खांबाआड.

आप्पा खांबाला टेकून डोळे मिटून बसले होते. मधल्याच्या मांडीवर पुस्तक होतं, आणि तो वाचत होता. अडखळत, एकेका शब्दावर बोट ठेवून. त्या सकाळी हौदातलं पाणी कुणी ढवळलंच नाही, असं काहीसं ते वाक्य होतं. वाक्य संपलं, आणि अर्थ सांगायला लागली ती थोरली.

"म्हणजे आई उठली नाही. तीन दिवस ताप होता. सगळे म्हणत होते, उतरेल. सकाळी ती मुलगी शाळेला निघाली तर आई म्हणाली, वेणी सैल झालीय तुझी. आल्यावर परत घालते. डबा विसरू नको."

मधल्यानं पानावर बोट फिरवलं. "ह्याच्यात डबा न्हाई. शाळा पण न्हाई."

"असू दे," आप्पा डोळे न उघडता म्हणाले. "अर्थ सांगणाऱ्याला मुभा असती."

"मग ती शाळेत गेली," थोरली म्हणाली. "मधल्या सुट्टीत शेजारचे काका फाटकाशी आले, तिला न्यायला. ती घरी आली तर..." ती थांबली. "हं म्हण."

धाकटीनं तोंडावर हात दाबून धरला.

"हं म्हण ना. मला पुढं सांगायचंय."

"न्हाई म्हणणार," धाकटी म्हणाली. ती रडकुंडीला आली होती. "म्या हं म्हणलं की तू पुढं सांगणार, अन् ती मरणार."

मधला खाली पुस्तकात बघत होता. आप्पांनी डोळे उघडले होते, पण त्यांनीही हं म्हटला नाही. थोरली तशीच बसली होती, ओठ घट्ट मिटून, आणि मला कळलं की आता हे इथं अडलं तर पुन्हा कधी निघणार नाही. नऊ दिवस मी त्या फाटकाशी तिचं तोंड पुसत होते, आणि पुण्याच्या शाळेच्या फाटकाशी काय झालं होतं हे एकदाही विचारलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. पुढं होऊन तिला पोटाशी घ्यावं असं वाटलं. पण पोथीत मध्ये उठायचं नसतं.

मी खांबाआडून म्हणाले, "हं."

तिनं वळून बघितलं नाही. आवाज मात्र ओळखला असणार. ती पुढं सांगायला लागली. घरी आली तर दारात चपलाच चपला होत्या. आईला खाली निजवलं होतं. तिला कोणी आत जाऊ देईना. वेणी तशीच सैल राहिली, आणि ती तिनं चार दिवस सोडली नाही. ती सांगत होती आणि मी हं म्हणत होते. दोन-तीन हंनंतर धाकटीही बारीक आवाजात माझ्यामागोमाग म्हणायला लागली. थोरली आता रडत होती, पण सांगायची थांबत नव्हती. मधला पुस्तक उघडं धरून बसला होता. वाचायचं काही राहिलंच नव्हतं.

सगळं सांगून झाल्यावर धाकटीनं विचारलं, "मग तिची वेणी कोण घालतंय आता?"

थोरलीनं ओढणीनं नाक पुसलं. "तिची काकू घालते."

"पुस्तकात काकू न्हाई," मधला म्हणाला. त्यानं खात्री करायला दोन पानं उलटली सुद्धा. "कुठंच न्हाई."

"आप्पा टाकतेत की मनचं," थोरली म्हणाली. "मी बी टाकली."

मी तिथून आधी निघाले. बरोबर चालत घरी यायची ताकद माझ्यात नव्हती, आणि खरं सांगायचं तर ती काकू पुस्तकातली की मी, याची मला खात्री नव्हती. घरी येऊन मी चुलीवर चहाचं आधण ठेवलं. ती वाकडी टाचणी उचलून शिवणाच्या डब्यात टाकली. थोड्या वेळानं सगळे आले, चहा प्यायले. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर मधल्यानं पोथी काढली, स्वतः वाचायला बसला, आणि अर्थ थोरलीनं सांगितला. आई माहेरी असल्याचं पुन्हा निघालं नाही. उरलेल्या प्रकरणांत जिथं जिथं लेखकानं त्या मुलीला एकटं सोडलं होतं, तिथं तिथं थोरली एक काकू आणून बसवायची. ती काकू तापट होती. ओरडायची फार. पण वेणी हळू घालायची.

त्या लेखकाची मी मनातल्या मनात माफी मागितली, आणि पुस्तकं निवडायचा माझा कारभार त्या दिवसापासून बदलला. आता मी कोण मरतं ते बघत नाही. वाचून झाल्यावर मुलांना बोलायला जागा उरते का, एवढंच बघते. कधी चुकतेही.

दिवाळीला दीर आले. पाडव्याच्या सकाळी मी ओसरीवर थोरलीची वेणी घालत होते. ते समोर बाजेवर बसले, जरा घुटमळले आणि तिला म्हणाले, "बॅग भरून ठेव. परवा निघू."

तिची पाठ माझ्या गुडघ्यांना टेकलेली होती. ती तशीच राहिली. आम्ही आदल्याच दिवशी नवं पुस्तक सुरू केलं होतं, चांगलं सहाशे पानांचं, आणि पोथी लागली की वाचणाऱ्यानं आणि अर्थ सांगणाऱ्यानं समाप्तीपर्यंत गाव सोडायचं नसतं, हे आमच्याकडं लहान पोरांनाही माहीत आहे. ते पुस्तक कोणी निवडलं होतं हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. एवढं जाड कशाला, असं मी विचारलंही होतं.

दीर उत्तराची वाट बघत होते. थोरलीनं मान वळवली, माझ्या हातातली वेणी ओढली गेली, आणि ती म्हणाली, "काकू, तू सांग की पप्पांना. पोथी अर्ध्यात हाय."

मी सांगितलं. आवाज नीट निघाला नाही, म्हणून दोनदा सांगावं लागलं.